भावातीत ध्यान की विपश्यना?

ध्यानाने चेतनेची वरची पायरी गाठता येते, असं छातीठोकपणे सांगणारे महर्षी महेश योगी. जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) यांच्यापलीकडची चौथी अवस्था, आणि तिच्याही वर आणखी तीन, असा त्यांचा चक्क जिनाच आहे. त्यांची साधना, म्हणजे भावातीत ध्यान, मात्र सुटसुटीत: सकाळ-संध्याकाळ २० मिनिटं, आरामात बसून, मनातल्या मनात मंत्र. नोकरी सांभाळून जमतं. शिकायची फी पडते. १९७० साली संशोधक रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात नोंदवलं, की या ध्यानात शरीराचा प्राणवायूचा वापर घटतो. पण त्यातून शरीर निवांत झालं एवढंच कळतं. चेतना 'उच्च' झाली हे कुठलं यंत्र सांगणार?

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात सगळा उलटा कारभार. दहा दिवसांचं शिबिर, मौन, पहाटे चारला घंटा, फोन जमा. पहिले तीन दिवस नुसता नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघायच्या, मग तासभर हातपाय न हलवता बसायचं. गुडघा ठणकतो, तोही फक्त बघायचा. कधी अंगभर गोड झिणझिण्या वाहतात. नवखा हरखतो, हेच ते! ही पद्धत शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकांची शिकवण अशी, की हेही जाणार, चिकटू नका. शुल्क नाही, शेवटी इच्छा असेल तर दान.

मला ही दुसरी वाट जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती अनुभवाला पदक देत नाही. मात्र मानसिक आजाराचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. इतकं सलग मौन सगळ्यांना झेपत नाही. आणि घरात तान्हं मूल असेल, तर सध्या २० मिनिटंच बरी.