चिक्की: गुळाची करावी की साखरेची?

दाणे भाजून, सालं पाखडून, भरड करून ठेवलेत आणि पाक कशाचा करायचा इथे हात अडलाय, अशांसाठी हे लिहितोय. दोन्ही प्रकार मी घरात बऱ्याचदा केलेत. भांडवल तेवढंच.

चवीत गूळ पुढे, यावर वाद नको. खमंग दाण्याला गुळाची ती किंचित खारट झाक लागते, त्यापुढे साखरेची चिक्की म्हणजे नुसती गोड. हां, साखर तांबूस होईपर्यंत धीर धरला तर तिलाही बरी करपूस चव येते.

करायलाही गूळ सोसणारा. थोडं तूप, मंद आच, ढवळत राहायचं. थेंब गार पाण्यात टाकला आणि मोडताना टक्क वाजला की दाणे घालायचे. थापायला, वड्या पाडायला जरा उसंत मिळते. साखर तशी नाही. ती मी जाड बुडाच्या कढईत, पाणी न घालता, कोरडीच वितळवतो. पाणी घालून सतत ढवळलं तर पाक पुन्हा रवाळ होऊन बसतो. तांबूस आणि जळका यांत अंतर इतकं कमी, की दारात आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलेपर्यंत एक घाणा वाया गेला होता. पोळपाटाला तूप आधीच लावून ठेवलेलं बरं.

मग माझं गाडं अडलं कुठे? चिवटपणात.

आमचे नाना श्रावणी सोमवार करतात. त्यांच्यासाठी शनिवारी गुळाची चिक्की केली, टक्क आवाज ऐकूनच उतरवली. सोमवारी त्यांनी तुकडा चावला आणि वरची कवळी चिक्कीसकट हातात आली. कवळी धुऊन परत बसवली आणि शांतपणे म्हणाले, "हाई चिक्की शे का डिंक?" घरात सगळे हसले, मी सोडून.

गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. जळगावकडच्या जानेवारीच्या कोरड्या थंडीत हे कळतही नाही. पावसाळ्यात दोन दिवसांत कळतं. त्यात प्रत्येक ढेपेचा स्वभाव निराळा. चिक्कीचा म्हणून वेगळा गूळ मिळतो, त्याची चिक्की खुसखुशीत होते, पण आमच्याकडे तो संक्रांतीच्या सुमारास दिसतो. श्रावणात विचारलं की दुकानदार साधीच ढेप पुढे सरकवतो आणि वर "तोच आहे" म्हणतो.

साखरेच्या चिक्कीलाही ओलावा लागतोच, उघडी ठेवली तर तीही चिकटते. पण घट्ट झाकणाच्या डब्यात माझी आठवडाभर कडक राहिली, तीही भर पावसात. चिमूटभर खायचा सोडा शेवटी घातला तर आत बारीक जाळी पडते आणि दाताला सोपी जाते. तुमच्या घरी दात धड असतील, चिक्की दोन दिवसांत फस्त होत असेल, तर गुळाचीच करा, मी कशाला अडवू? संक्रांतीला मीही तीच करतो. नानांच्या डब्यात मात्र आता साखरेचीच असते. गुळाची आठवण ते अजून काढतात, कवळी सांभाळत.