व्हर्च्युअलहिअर आणि रास्पबेरी पाय ४: मीटिंग रूमचा कॅमेरा नेटवर्कवरून वापरायचा असेल तर

आधी निकाल सांगतो, व्हर्च्युअलहिअर घ्या, एका जागी लावलेली यूएसबी वस्तू नेटवर्कवरून दुसऱ्या पीसीवर वापरू देणारं चांगलं सॉफ्टवेअर आहे, आमच्याकडे (नाशिक, अंबड एमआयडीसी) रोज वापरात आहे. पण पैसे भरायच्या आधी एक गोष्ट ठरवा, तुम्हाला यूएसबी फक्त लांब न्यायचीय का चार जणांत वाटून वापरायचीय, कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुकानात गेलात तर दोन्हीला एकच डबा पुढं करतात.

फक्त लांब न्यायची असेल तर सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत, ३.० ची साधी केबल ३ मीटरच्या पुढं भरवशाची नाही. आणि मीटिंग रूममध्ये कॅमेरा टीव्हीच्या वर, पीसी मागच्या कपाटात, केबल फॉल्स सीलिंगमधून फिरवून आणली की १२-१५ मीटर सहज होतात. इथं कॅट ६ (नेटवर्कच्या केबलवर) चालणारा एक्स्टेंडर लावायचा, एक डबा पीसीकडं, एक कॅमेऱ्याकडं, मध्ये सरळ एकच केबल, विषय संपला. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे काहीशे रुपयांत मिळणारे ते दोन छोटे प्लग, ज्यांना वेगळा पॉवर अडॅप्टर नसतो, ते १२ एमबीपीएसवरच चालतात, म्हणजे माऊस कीबोर्ड चालेल पण कॅमेरा नाही, आणि पाकिटावर हे धड लिहिलेलं नसतं. दुसरं, यातले बरेचसे एक्स्टेंडर नेटवर्कची केबल वापरतात पण नेटवर्क वापरत नाहीत, त्यामुळे मध्ये नेटवर्कचा स्विच (केबली जोडायचा डबा) आला की बंद. इलेक्ट्रिशियनला आधीच बजावून ठेवा की ही केबल स्विचमध्ये टोचायची नाही.

आता वाटून वापरायचं. आमची खरी गरज ही होती. क्वालिटी लॅबमध्ये एक यूएसबी मायक्रोस्कोप आहे, कस्टमर ऑनलाईन मीटिंगला बसला की त्याला पार्टवरचा ओरखडा, बर (कडेला राहिलेली धारदार कात्रण), कोटिंग सगळं तिथल्या तिथं बघायचं असतं, आणि मीटिंग चालते वरच्या मजल्यावर कॉन्फरन्स रूममध्ये. मायक्रोस्कोप उचलून वर न्यायचा म्हणजे पुन्हा फोकस, लाईट, पार्ट ठेवायचा जिग, सगळी मांडणी नव्यानं. त्यापेक्षा तो लॅबमध्येच राहू दे आणि फक्त त्याची यूएसबी वर येऊ दे. नेमकं हेच व्हर्च्युअलहिअर करतं.

रचना सोपी आहे. लॅबमध्ये रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढं नुसतं ‘पाय’ म्हणतो), त्यावर व्हर्च्युअलहिअरचा सर्व्हर, त्याला मायक्रोस्कोप जोडलेला आणि पाय लॅनला. वरच्या पीसीवर त्याचाच क्लायंट (वापरणाऱ्याच्या बाजूचा प्रोग्राम) उघडला की झाडासारखी यादी दिसते, मायक्रोस्कोपवर राईट क्लिक करून वापर सुरू केला की विंडोजला वाटतं तो आपल्याच पोर्टला लावलाय, झूम टीम्स सगळीकडं साधा कॅमेरा म्हणून येतो. पायवर त्या डिव्हाईसचा ड्रायव्हर लागत नाही, लागला तर क्लायंटच्या पीसीवर. आधीच कोणी घेतलं असेल तर कोणाकडं आहे ते यादीतच दिसतं, म्हणजे फोन करून सोडायला सांगता येतं. ऑटो-यूज करून ठेवलं तर राईट क्लिकही करावं लागत नाही, रूमच्या पीसीला हे खूप सोयीचं, कारण मीटिंगला येणाऱ्या साहेबांना यातलं काही शिकवायची गरजच राहत नाही.

पाय ४ च का, तर याचं गिगाबिट लॅन खरं गिगाबिट आहे. आधीच्या पाय ३बी प्लसमध्ये लॅन आतून यूएसबी २.० वरूनच जातं, ३०० एमबीपीएसच्या आसपास अडतं आणि तोच रस्ता कॅमेराही वापरतो, म्हणजे दोघांची ओढाताण. पाय ४ चे चारही पोर्ट मिळून बाहेर १.२ अँपियर देतात, त्यामुळे कॅमेरा, स्पीकरफोन, अजून काही असं सगळं त्याच्यावरच लटकवायचं असेल तर मध्ये स्वतःच्या अडॅप्टरचा हब टाका.

चित्राबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक इथंच अडतात आणि सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. १०८०पी चित्र ३० फ्रेमनं, न दाबता पाठवायचं तर जवळजवळ १००० एमबीपीएस लागतात, यूएसबी २.० चा कागदावरचा वेगच ४८०. म्हणून कॅमेरे चित्र एमजेपेगमध्ये दाबून पाठवतात आणि ते नेटवर्कवर आरामात मावतं. पण मायक्रोस्कोपच्या स्वतःच्या ॲपमध्ये बऱ्याचदा फॉरमॅट निवडायला येतो, तिथं वायूवाय२ (न दाबलेलं चित्र) निवडलेला राहिला तर चित्र अडखळणारच, एमजेपेग करा, फरक लगेच दिसेल.

आणि वायफायवर हे करू नका, कितीही भारी राऊटर असू दे. कॅमेरा आणि माईकचा डेटा यूएसबीमध्ये वेळेवर पोचायचा असतो, उशिरा आला तर त्याचा उपयोग नाही. फाईल कॉपी करताना अर्धा सेकंद थांबलं तर कोणाला कळत नाही पण माईकला तेवढ्यात कर्रर्र आवाज येतो. पाय केबलवर, पीसीही केबलवर, एकाच इमारतीत, मग उत्तम चालतं. दोन शहरांतल्या ऑफिसात व्हीपीएनवरून सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा यूएसबी डोंगल किंवा प्रिंटर चालेल, कॅमेऱ्याचं मी सुचवणार नाही.

अजून एक मर्यादा, एका वेळी डिव्हाईस एकाच पीसीकडं. साउंडबार आणि कॅमेरा एकत्र असलेला बार बहुतेक वेळा एकच डिव्हाईस म्हणून दिसतो, तेव्हा कॅमेरा एकाला आणि माईक दुसऱ्याला असं होत नाही. ही यूएसबीचीच रीत आहे, कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी तेच.

पैशाचं म्हणाल तर फुकट सर्व्हरवर एक डिव्हाईस चालतं, म्हणजे मायक्रोस्कोपसारखी एकच वस्तू असेल तर आधी तसंच चालवून बघा. जास्त हवी असतील तर सर्व्हरमागे ४९ डॉलर, एकदाच, आणि लायसन्स त्या सर्व्हरच्या हार्डवेअरला बांधलेलं असतं, तेव्हा कोणत्या पायवर टाकायचं ते विचार करून टाका. लिनक्सचा चांगला हात असेल तर हेच काम करणारं यूएसबी/आयपी लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, २०१४ पासून मुख्य कोडमध्ये आलंय, एक पैसा लागत नाही. पण ऑफिसात विंडोजवाले लोक, त्यांना कमांड लिहायला लावणं बरोबर नाही, म्हणून मी ४९ डॉलरच्या बाजूचा.

सगळ्यात शेवटी पण सगळ्यात कळकळीनं, सुरक्षा. मीटिंग रूमचा कॅमेरा आणि माईक नेटवर्कवर टाकला म्हणजे त्या नेटवर्कवरच्या कोणाच्याही क्लायंटमध्ये तो दिसू शकतो, आणि दिसला की घेता येतो. पगाराच्या, कामावरून काढण्याच्या चर्चा त्याच खोलीत होतात. पाय वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) ठेवा, व्हर्च्युअलहिअरचा ७५७५ पोर्ट फक्त ठरलेल्या पीसींनाच उघडा, गेस्ट वायफायवरून तर तिकडं रस्ताच नको, आणि कॅमेऱ्याला झाकण असेल तर मीटिंग संपल्यावर ते लावायची सवय हाऊसकीपिंगच्या माणसांनाही लावून द्या.