थर्मल कॅमेरा: फोनला लावायचा की हातात धरायचा?

घरच्या कामासाठी आणि हौसेसाठी थर्मल कॅमेरा (कुठली जागा गरम, कुठली गार याचं चित्र दाखवणारा) घ्यायचा असेल तर ब्रँड नंतर ठरवा. आधी हे ठरवा, की फोनच्या टाइप-सी पोर्टात खोचायचा छोटा कॅमेरा, म्हणजे डोंगल हवा, की पिस्तुलासारखा ट्रिगरवाला स्वतंत्र कॅमेरा. मी दोन्ही वापरले आहेत, आणि दोन्ही कामाचे आहेत.

कागदावर डोंगल सरस आहे. इन्फिरे पी२ प्रो किंवा टॉपडॉन टीसी००१ मध्ये २५६×१९२ चा सेन्सर मिळतो. साधारण तेवढ्याच पैशात स्वतंत्र कॅमेरा घ्यायचा तर हिकमायक्रो बी१एलसारख्या १६०×१२० वर भागवावं लागतं. म्हणजे एकीकडे ४९ हजार पिक्सेल, दुसरीकडे १९ हजार. स्वतंत्र कॅमेऱ्यातही २५६×१९२ हवा असेल तर युनि-टी यूटीआय२६०बी आहे, पण त्याला जास्त पैसे मोजावे लागतात. फ्लिर वन प्रो हा डोंगल १६०×१२० चाच. साध्या कॅमेऱ्यातल्या कडा थर्मल चित्रावर उमटवण्याची त्याची करामत मात्र खरंच सुरेख आहे. फक्त त्याची बॅटरी वेगळी चार्ज करून ठेवावी लागते.

आता हे जास्तीचे पिक्सेल घरात कितपत उपयोगी पडतात? ओल शोधताना फारसे नाहीत. भिंतीतलं पाणी बाष्प होताना तिथली उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला भाग गार, म्हणजे स्क्रीनवर गडद दिसतो. हा डाग हातभर रुंद असतो, तो १६०×१२० मध्येही सुटत नाही. उलट भर पावसाळ्यात, हवाच दमट झालेली असताना, बाष्पीभवन मंदावतं आणि महागडा सेन्सरही फिका डाग दाखवतो. पाऊस ओसरल्यावर पाहिलं तर बाथरूमच्या मागची भिंत आपणहून बोलायला लागते. वीजजोडण्यांचंही तेच. एसी आणि गीझर थोडा वेळ चालू ठेवा, डीबीचं, म्हणजे घरातल्या स्विचेसच्या मुख्य पेटीचं दार उघडा (आतलं कव्हर न काढता) आणि एमसीबींची, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचेसची रांग पाहा. सारखाच लोड असलेल्या दोन एमसीबींपैकी एकच उजळ, म्हणजे जास्त तापलेला दिसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवायला तेवढं पुरे. चकचकीत तांब्यापितळेवरच्या आकड्यावर मात्र कुठल्याच कॅमेऱ्यात विसंबू नका. तिथे धातूपेक्षा आजूबाजूचं प्रतिबिंबच जास्त दिसतं.

डोंगल खरा खुलतो तो टेबलावर. पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) शॉर्ट झालेला कपॅसिटरसारखा बारीक भाग हुडकायचा असेल तर २५६×१९२ आणि वर अगदी जवळून पाहायची मॅक्रो लेन्स, याला तोड नाही. पी२ प्रोची मॅक्रो लेन्स चुंबकाने चिकटते. स्वतंत्र कॅमेऱ्यांचा फोकस बहुधा पक्का असतो, बदलता येत नाही, त्यामुळे वीतभर अंतरावरून चित्र धूसर येतं. हौशी लोक त्यावर सीओटू लेझर कटरमधली झिंक सेलेनाइडची लेन्स पुढे लावतात. चित्र छान येतं, तापमानाचा आकडा मात्र मग अंदाजापुरताच धरायचा.

एवढं असूनही माझ्या हातात रोज स्वतंत्र कॅमेराच असतो, आणि त्याला कारण फोनच आहे. डोंगल नीट बसावा म्हणून आधी जाड कव्हर काढायचं. मग खोचायचा. फोन विचारतो, या ॲपला यूएसबी उपकरण वापरू द्यायचं का? हो म्हणायचं. ॲप उघडेपर्यंत थांबायचं. डोंगल खालच्या बाजूला येतो म्हणून फोन उलटा धरायचा. हे सगळं खुर्चीत बसून ठीक आहे. शिडीवर एक हात धरायला लागतो तेव्हा फार जाचक होतं. त्यात नेमका फोन वाजतो. बराच वेळ वापरला की फोन कोमट होतो आणि आकडेही किंचित सरकतात असं मला जाणवतं. मोजून पाहिलेलं नाही. परिणाम असा, की ‘जरा बघू या’ म्हणून डोंगल बाहेर निघतच नाही. स्वतंत्र कॅमेरा खिळ्याला टांगलेला असतो. बटण दाबलं, काही सेकंदांत चित्र. फ्रिजच्या दाराचं रबर, इन्व्हर्टरच्या बॅटरीचे टर्मिनल, गच्चीवरच्या सोलर पॅनेलमधला एखादा जास्त तापलेला सेल, हे सगळं मी जाता-येता पाहतो. आणि शेजारच्या काकांनी मागितला तर तो देता येतो. आपला फोन थोडाच देता येतो?

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. डोंगलचं आयुष्य ॲपवर आणि पोर्टवर टांगलेलं असतं. २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सीवर गेला तेव्हा लाइटनिंगचे डोंगल असलेल्यांना कन्व्हर्टर शोधावे लागले. स्वतंत्र कॅमेऱ्याला, त्याची बॅटरी टिकेल तोवर, कुणाच्या अपडेटची वाट पाहावी लागत नाही.

तुमचं काम मुख्यतः सर्किट बोर्डांचं असेल, किंवा कॅमेरा कायम खिशात हवा असेल, तर बिनधास्त डोंगल घ्या. बाकी घरासाठी मी १६०×१२० चा स्वतंत्र कॅमेराच सुचवीन. घेताना एवढं बघा, की त्यात सोबत साधा कॅमेरा आहे का. काही स्वस्त मॉडेलमध्ये नसतो. नसेल तर प्रत्येक थर्मल फोटोबरोबर त्याच जागेचा एक फोटो फोनने काढून ठेवा, नाहीतर महिन्याभराने तो निळा डाग कुठल्या खोलीतला, ते ओळखता येत नाही.