पाण्यातील पारा ओळखणारा सुवर्ण-नॅनोकणांचा संच : महिनाभराच्या वापरानंतर

पाण्यातला पारा जागेवरच ओळखता यावा, यासाठी सोन्याच्या नॅनोकणांवर चालणारा एक संच आम्ही पाणी तपासणीच्या कामात महिनाभर वापरला. पेटीत गडद लाल द्रावणाच्या छोट्या कुप्या, मिठाच्या द्रावणाची एक बाटली आणि ड्रॉपर एवढेच असते. कुपीतला लाल रंग वरून मिसळलेला नाही, तो सोन्याचाच आहे. सुमारे १३ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण सुटे असतात, तेव्हा ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतात आणि द्रावण लाल दिसते; तेच कण एकमेकांना चिकटले की द्रावण आधी जांभळे आणि मग निळसर होत जाते.

हे कण मिठातही सुटे राहतात ते त्यांना लपेटलेल्या डीएनएच्या आखूड धाग्यांमुळे, ज्यांत थायमिन (डीएनएच्या चार मूळ घटकांपैकी एक) मुद्दाम जास्त ठेवलेले असते. पाऱ्याचा आयन दोन थायमिनांच्या मध्ये जाऊन घट्ट बसतो, धागा दुमडून सोन्यावरून सुटतो आणि उघडे पडलेले कण मीठ घालताच गोळा होतात. मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचे सेंद्रिय रूप, असा दोन थायमिनांना जोडू शकत नाही, त्यामुळे हा संच केवळ असेंद्रिय पाऱ्यापुरताच आहे.

ऊर्ध्वपातित पाण्यात आम्ही स्वतः तयार केलेल्या द्रावणांवर संचाने चोख काम केले. लिटरला १० मायक्रोग्रॅम पारा असलेल्या द्रावणात मिठाचा तिसरा थेंब पडल्यावर कुपीच्या तळाशी जांभळी झाक आली आणि हलवताच ती सगळीकडे पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने असेंद्रिय पाऱ्यासाठी सुचवलेली मर्यादा ६ मायक्रोग्रॅमची आहे, आणि तेवढ्या प्रमाणावर मात्र बदल इतका सौम्य होता की पांढऱ्या कागदावर पारा नसलेली कोरी कुपी शेजारी ठेवली नसती, तर तो आमच्या नजरेतून निसटला असता. पिवळ्या दिव्याखाली तर दोन्ही कुप्या सारख्याच दिसतात. रंग दिवसाच्या उजेडातच पाहावा.

खरी अडचण प्रत्यक्ष नमुन्यांवर आली. एका विहिरीच्या जड पाण्याने कुपी लगेच निळी झाली, पण प्रयोगशाळेच्या तपासणीत त्यात पारा आढळला नाही. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनीच कण गोळा केले होते. याच्या उलट प्रकार मला जास्त गंभीर वाटतो. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यामुळे तपकिरी झालेल्या तळ्याच्या पाण्यात आम्ही मोजून पारा घातला, तरी द्रावण लालच राहिले, कारण असले सेंद्रिय पदार्थ पाऱ्यालाही बांधून ठेवतात आणि सोन्याच्या कणांनाही चिकटू देत नाहीत. कुपी चुकून निळी झाली तर पुढची तपासणी तरी होते. चुकून लाल राहिली तर ते पाणी निर्धास्तपणे प्यायले जाते. एवढी महत्त्वाची सूचना माहितीपत्रकात एका ओळीनेही दिलेली नाही, हे मला अजिबात पटलेले नाही.

म्हणून प्रत्येक नव्या स्रोताच्या पाण्याचे दोन भाग करून एकात ठाऊक प्रमाणात पारा घालावा आणि दोन्ही तपासावेत. पारा घातलेला भाग निळा झाला, तरच दुसऱ्या भागाच्या लाल रंगावर विश्वास ठेवता येतो. निळा निकाल आला, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याला पर्याय नाही.

कुप्या थंड जागी ठेवाव्यात, पण गोठू देऊ नयेत. गोठून वितळलेल्या कुपीतले कण कायमचे गोळा झालेले असतात. स्वच्छ, कमी क्षारांच्या पाण्याच्या पहिल्या चाळणीसाठी मी हा संच जरूर सुचवेन. फक्त वापरलेल्या कुप्यांमध्ये नमुन्यातला पारा तसाच राहतो, तेव्हा त्या मोरीत न ओतता झाकणाच्या वेगळ्या बाटलीत साठवाव्यात आणि घातक कचरा म्हणूनच सोपवाव्यात.