लिनक्स मिंटमधलं सिनॅप्टिक: रूप ओबडधोबड, हिशेब चोख

आमच्या वाचनालयातल्या संगणकांवर लिनक्स मिंट 22 ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली आहे. यंत्रं जुनी, नवं विंडोज त्यांना पेलत नाही, आणि वर्गणीच्या पैशातून परवाने विकत घ्यायला कार्यकारिणी कधीच तयार झाली नसती. मिंटमध्ये सॉफ्टवेअर चढवायची दोन साधनं आधीपासूनच असतात. एक मिंटचं स्वतःचं 'सॉफ्टवेअर मॅनेजर', दुसरं 'सिनॅप्टिक'. पहिलं सगळ्यांना आवडतं. मी वापरते ते दुसरं.

आमचे कार्यवाह एकदा पाठीमागे उभे राहून बघत होते. "ताई, हे मोबाइलवरच्यासारखं सोपं नाही का करता येत? चित्रावर बोट ठेवलं की झालं!" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र 'हो' इतकं सरळ नाही.

जुने दिवाळी अंक आणि वार्षिक अहवाल स्कॅन करून त्यांतला मजकूर शोधता यावा, असं काम आम्ही काढलं होतं. त्यासाठी टेसरॅक्ट हे ओसीआरचं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करण्याचं, इंजिन लागतं आणि ते खिडकीतून चालवायला जीइमेजरीडर. पण टेसरॅक्टला मराठी वाचता यायला भाषेचं वेगळं पॅकेज (लिनक्सवर सॉफ्टवेअर अशा गठ्ठ्यांत येतं) लागतं, 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार'. हे पॅकेज म्हणजे ॲप नव्हे. त्याला चिन्ह नाही, स्क्रीनशॉट नाही, मेनूत जागा नाही. आणि नव्या पद्धतीची दुकानं, उदाहरणार्थ ग्नोम सॉफ्टवेअर, 'ॲपस्ट्रीम' नावाच्या माहितीवर चालतात. ज्याची अशी माहिती भरलेली आहे तेच मांडणीत दिसतं. बाकीचं कोठारात असूनही गिऱ्हाइकाच्या नजरेला पडत नाही. मिंटच्या मुळाशी असलेल्या डेबियन या लिनक्सच्या 12 व्या आवृत्तीत 64,419 पॅकेजं होती. त्यांतली बहुतेक अशीच, बिनचिन्हाची.

सिनॅप्टिकच्या शोधात 'मराठी' टाकलं (रोमन अक्षरांतच, त्यावर पुढे बोलते) आणि नाव व वर्णन दोन्हींत शोधायला सांगितलं, की ओसीआरची भाषा-फाइल, लोहित मराठी फाँट, ॲस्पेल या शुद्धलेखन तपासनिसाचा मराठी शब्दसंग्रह, लिबरऑफिसचं मराठी भाषांतर असं सगळं एकाखाली एक येतं. आपल्या भाषेसाठी लोकांनी किती काय करून ठेवलंय हे मला या रुक्ष यादीतूनच कळलं. चकचकीत दुकानांच्या पहिल्या पानावर यातलं एकही नसतं.

सिनॅप्टिक जुनं आहे. ब्राझीलच्या कोनेक्टिव्हा कंपनीत अल्फ्रेडो कोजिमा यांनी ते सुरू केलं. मिंट ज्यावर बेतलंय त्या उबुंटूने 2011 च्या 11.10 आवृत्तीपासून ते मूळ संचातून काढून टाकलं. नवख्यांना ते जड जातं, असं तेव्हापासून सगळेच म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण जड काय आहे आणि उपयोगाचं काय आहे हे कुणी नीट निवडलं नाही. सुपातलं सगळंच पाखडून टाकलं.

माझ्या मते सिनॅप्टिकची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आधी खूण, मग काम. हवं त्या पॅकेजावर खूण करायची. त्याच्यासोबत आणखी काही लागत असेल तर तिथल्या तिथे विचारणा होते. खुणा करत राहा, मन बदललं तर काढा, यंत्रात अजून काहीही झालेलं नसतं. खालच्या पट्टीत किती पॅकेजं येणार, किती जाणार, डिस्कवर किती जागा लागणार हे हलत असतं. मग 'अप्लाय' दाबलं की पूर्ण यादी समोर येते: काय बसणार, काय निघणार, किती एमबी डाउनलोड होणार. तिथेही मागे फिरता येतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मात्र एकेका ॲपचं एकेक बटण. सोबत आणखी काय येणार आहे ते बटण दाबल्यावर कळतं. एक खेळ बसवायचा असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण एका बैठकीत ओसीआर, फाँट, शब्दसंग्रह, स्कॅनरचं साधन असं सगळं लावायचं असेल, तर मला पूर्ण यादी एकदाच बघायची असते.

दुसरी गोष्ट फाइल मेनूत दडलेली आहे. निवडलेली पॅकेजं डाउनलोड करणारी एक छोटी स्क्रिप्ट सिनॅप्टिक लिहून देतं. ती पेन ड्राइव्हवर घ्यायची, ज्या लिनक्स संगणकावर नेट धड चालतंय तिथे चालवायची, आलेल्या फाइली परत आणून सिनॅप्टिकला द्यायच्या. पावसाळ्यात नेट गेलं की आमच्यासारख्या गावांत आठवडाभर त्याचं तोंड दिसत नाही. शहरात बसून दुकानं रचणाऱ्यांनी ही सोय नव्या साधनांत का आणली नाही, कोण जाणे.

आता तक्रारी. यादीत पॅकेजाशेजारी असतात त्या चौकोनांची भाषा: हिरवा म्हणजे बसलेलं, पांढरा म्हणजे न बसलेलं, हिरव्यावर चांदणी असेल तर नवी आवृत्ती आलेली. या खुणांचा तक्ता आहे कुठे, तर मदतीच्या मेनूत. तो यादीशेजारीच का नसावा? काढून टाकायच्या दोन पर्यायांमध्येही असाच घोळ. साधं काढणं आणि 'पूर्ण' काढणं. पूर्ण म्हणजे यंत्रभरच्या सेटिंगच्या फाइलींसकट. पण वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरमधल्या फाइली तशाच राहतात, आणि हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नाही. इतिहास महिनावार दिसतो, ही सोय उत्तम. पण 'कालचं सगळं उलट कर' असं बटण त्यात नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या डीएनएफ या पॅकेज-साधनात कमांड लिहून का होईना, ते करता येतं.

सर्वांत वाईट म्हणजे कुलूप. मागे अपडेट चालू असेल तर सिनॅप्टिक सांगतं की ताबा मिळत नाही, दुसरं कुठलं तरी साधन चालू आहे. कुठलं, किती वेळ, थांबू की बंद करू, याचा पत्ता नाही. नवखा माणूस अशा वेळी सरळ यंत्राचं बटण दाबून मोकळा होतो, आणि पॅकेज अर्धवट बसतं. एवढं एक वाक्य सुधारलं तरी कितीतरी यंत्रं वाचतील.

सॉफ्टवेअर मॅनेजरच्या बाजूचंही सांगायला हवं. फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालतील अशा वेगळ्या पद्धतीने बांधलेली ॲपं, सिनॅप्टिकला दिसतच नाहीत. मिंट 22 च्या कोठारातलं गिंप हे चित्र-संपादनाचं ॲप 2.10 आहे. 3.0 हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये त्याच पानावर प्रणालीचं पॅकेज की फ्लॅटपॅक हे निवडता येतं. दोन्ही एका जागी ठेवल्याबद्दल मिंटवाल्यांना मानलं पाहिजे. शिवाय ज्यांच्या प्रकाशकाची खातरजमा झालेली नाही अशी फ्लॅटपॅकं या आवृत्तीपासून मुळातच लपवलेली असतात, हवी तर सेटिंगमध्ये जाऊन उघडायची. वाचनालयासारख्या ठिकाणी हे बरं. मात्र पहिल्या फ्लॅटपॅकसोबत शेकडो एमबीचा रनटाइम (ॲप चालायला लागणारा सामायिक पाया) येतो. तो पुढच्या ॲपनाही वापरता येतो हे त्याच पानावर सांगितलं, तर लोक दचकणार नाहीत.

आणि भाषा. देवनागरीत 'मराठी' लिहून शोधलं तर सिनॅप्टिक हात वर करतं, कारण वर्णनं इंग्रजीत आहेत. ॲपस्ट्रीममध्ये नावं, वर्णनं, शोधशब्द निरनिराळ्या भाषांत भरायची सोय आहे. म्हणजे अडलंय ते भरणाऱ्यांपाशी. आपल्याकडे फाँट आणि कळपाटांवर तावातावाने वाद घालणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींनी दहा-वीस पॅकेजांची वर्णनं मराठीत केली तर पुढच्या ग्रंथपालाला रोमनमध्ये चाचपडावं लागणार नाही.

तोवर आमच्याकडची व्यवस्था अशी: वाचकांच्या खात्यात मेनूतून सिनॅप्टिक काढलंय, सॉफ्टवेअर मॅनेजर ठेवलंय, आणि पासवर्ड माझ्याकडे. पाचपैकी गुण द्यायचेच तर सिनॅप्टिकला साडेतीन. कुलपाचा निरोप सुधारा, मी साडेचार देईन.