लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनालिनची 30 मिलीची वायल: औषध भारी, हिशोब आपला आपण ठेवायचा

दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे 2% लिग्नोकेन विथ अ‍ॅड्रेनालिन 1:80,000 ची वायल, म्हणजे भुलीच्या इंजेक्शनची बाटली, रोजच्या हातातली. कंपनी कुठली ते सोडा, आतला माल जवळपास सारखाच असतो. कामाबद्दल तक्रार नाही, खालच्या दाढेला ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिला की पाचेक मिनिटांत ओठ जड व्हायला लागतो, आणि अ‍ॅड्रेनालिनने तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून रक्तही कमी येतं आणि भूल तासभर टिकते, साध्या लिग्नोकेनला हे जमत नाही.

पण जपायचं तेही याच अ‍ॅड्रेनालिनला. 1:80,000 म्हणजे एका मिलीत 12.5 मायक्रोग्रॅम. हार्ट पेशंटला 40 मायक्रोग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे 3 मिली झालं की हात आवरायचा. एक ब्लॉक, थोडं इन्फिल्ट्रेशन (दाताजवळच टोचून दिलेली भूल), झाला कोटा. कार्ट्रिज, म्हणजे आधीच भरलेली छोटी नळी, 1.8 मिलीचं असतं, किती गेलं ते मोजता येतं, वायलमधून परत परत भरताना कुणाला आठवतंय? म्हणून असिस्टंटला प्रत्येक वेळी केस पेपरवर आकडा टाकायला लावतो.

सुई आत गेली की आधी मागे ओढून बघायचं, रक्त दिसलं तर जागा बदलायची, मग मिलीला मिनिटभर लावत सावकाश सोडायचं. "डॉक्टर, छातीत धडधडतंय हो" असं पेशंट म्हणाला की बऱ्याचदा औषध शिरेत गेलेलं असतं, पण तो पुढे जाईल तिथे "मला भुलीची अ‍ॅलर्जी आहे" सांगत बसतो! खरी विचारायची गोष्ट वेगळीच, प्रोप्रॅनोलॉल ही बीपीची गोळी चालू आहे का, सल्फाइटने दमा वाढतो का, कारण अ‍ॅड्रेनालिन टिकावं म्हणून यात मेटाबायसल्फाइट हे सल्फाइट घातलेलं असतं. बीपीच्या गोळ्या विचारल्या तर लोक "त्या पांढऱ्या" म्हणतात, स्ट्रिपच आणायला सांगा.

वायल स्वस्त पडते हे खरं, पण तिच्या रबरी झाकणात दर वेळी नवी सिरिंज, नवी सुईच गेली पाहिजे, त्याच पेशंटला परत द्यायचं असलं तरी. उजेडात ठेवू नका. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर अर्धी वायल उरलेली असली तरी सरळ फेकायची, तिथे काटकसर नको.

औषधाला पाच स्टार, पॅकिंगला तीनच. लेबलवरची अक्षरं बारीक, साध्या लिग्नोकेनची वायल शेजारी असली की घाईत पटकन ओळखू येत नाही, मी अ‍ॅड्रेनालिनवालीला लाल टेप गुंडाळून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवलीय.