इम्युलेटेड प्रोसेसरच्या पोटात केव्हीएम: क्यूएमू वापरून पाहिलं

माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर एक्स८६चा, आणि मला समजून घ्यायचा होता तो लिनक्स केव्हीएमचा (कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा) आर्मसाठीचा कोड. नुसता वाचून नाही. मध्येच थांबवून, रजिस्टर्स (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागा) बघत. म्हणून क्यूएमू या इम्युलेटरमध्ये अख्खा ६४-बिट आर्म प्रोसेसर इम्युलेट केला, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये त्याची नक्कल केली, आणि त्याच्या आत केव्हीएम उभं केलं.

पहिले दोन दिवस अडकलो. लिनक्स व्यवस्थित बूट व्हायचं, पण /डेव्ह/केव्हीएमचा (केव्हीएम चालू असलं की दिसणारी डिव्हाइस फाइल) पत्ता नाही. कर्नलचं कॉन्फिग पुन्हापुन्हा तपासलं, नव्याने बिल्ड केलं. शेवटी डीमेसेज (कर्नलचे बूट संदेश) पहिल्या ओळीपासून वाचत गेलो, तेव्हा दिसलं: सगळे सीपीयू ईएल१ला (आर्मच्या अधिकार-पातळ्यांपैकी एरवी कर्नलची पातळी) सुरू झालेत. हायपरव्हायजरला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्याच्या वरची पातळी ईएल२ लागते, आणि क्यूएमूचं ‘व्हर्ट’ मशीन ती मुळात बंद ठेवतं. मशीनच्या पर्यायांत ‘व्हर्च्युअलायझेशन=ऑन’ लिहिलं, जीआयसी (आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर) ३ निवडला, आणि पुढच्याच बूटला /डेव्ह/केव्हीएम हजर.

सीपीयू कोणता घ्यायचा, याला फार महत्त्व आहे. आधी कॉर्टेक्स-ए५७ घेतला होता. त्यात व्हीएचई (कर्नलला थेट ईएल२ला चालू देणारी सोय) नाही, त्यामुळे कर्नल स्वतः ईएल१ला चालतो आणि केव्हीएमचा हायपरव्हायजरचा भाग ईएल२ला वेगळ्याच पत्त्यांवर मॅप होतो. जीडीबी या डीबगरमध्ये फंक्शनच्या नावाने ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) टाकला तर तो लागतच नाही. ‘मॅक्स’ सीपीयू घेतल्यावर व्हीएचई मिळालं, कर्नल ईएल२लाच राहिला, आणि ‘नोकेएएसएलआर’ (कर्नलचे पत्ते दर बूटला बदलू नयेत म्हणून) देऊन गेस्ट-एंटर या फंक्शनवर टाकलेला ब्रेकपॉइंट बरोबर लागला. आतला गेस्ट (केव्हीएमने चालवलेलं व्हर्च्युअल मशीन) सुरू होण्याच्या ऐन क्षणी हायपरव्हायजर थांबलेला, सगळी रजिस्टर्स समोर! खऱ्या हार्डवेअरवर हेच करायला जेटॅग (चिपला बाहेरून जोडायचा डीबग इंटरफेस) लागतं. माझ्यासाठी क्यूएमूची सगळी किंमत या एका सोयीत वसूल झाली.

वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नका. आत ‘केव्हीएम’ म्हटलं तरी खाली प्रत्येक सूचना टीसीजीच (क्यूएमूचा आतला भाषांतरकार) भाषांतरित करतो, त्यामुळे आतल्या गेस्टचा प्रॉम्प्ट येईपर्यंत धीर धरावा लागतो. क्यूएमू १०.०च्या आधीच्या आवृत्त्यांत ‘मॅक्स’ सीपीयूवर पॉइंटर ऑथेंटिकेशनचं (पॉइंटरवर सही करून तो तपासण्याची सुरक्षा-सोय) गणित त्यात भर घालतं; तिथे ‘पॉथ-इम्पडेफ=ऑन’ दिलं की फरक जाणवतो. आतल्या गेस्टसाठी इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या वेळी मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टीम) बिझीबॉक्स (मूलभूत कमांड्सचा छोटा संच) पुरतं, मोठं डिस्ट्रो घालू नका.

एक्स८६वर हाच प्रयोग करायचा असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो. प्रोसेसरमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयींपैकी टीसीजी एएमडीचं एसव्हीएम इम्युलेट करतो, इंटेलचं व्हीएमएक्स नाही. तेव्हा सीपीयूला एसव्हीएम जोडा आणि ‘केव्हीएम-एएमडी’ मॉड्यूल लोड करा. ‘केव्हीएम-इंटेल’च्या मागे लागून वेळ घालवू नका.